मोल न घेतलेलं लेकरू

आमचं घर धाडच्या वेशीबाहेर, मळ्यातच होतं. धाब्याचं, दोन खणांचं, पुढे कडुनिंब आणि निंबाखाली बैलांची दावण. दिवस उगवायच्या आधी मोटेचं चाक कुरकुरायला लागे आणि त्या कुरकुरण्यावर आबा, म्हणजे माझा बाप, काहीतरी गाणं ओढत राही. गळा अजिबात चांगला नव्हता, पण बैलांना तोच आवाज लागे. घरात आत्या जात्यावर बसलेली असे. ती आबाची धाकटी बहीण, लग्न झाल्यावर वर्षाच्या आत पांढऱ्या कपाळानं परत आलेली. माय चुलीपाशी. रात्रीच्या कण्या ताकात कालवून आमच्यापुढं ठेवी, वर हिरव्या मिरचीचा ठेचा, आणि हंगामात राखेत भाजलेलं वांगं. त्या वांग्याचा वास मला अजून झोपेत येतो. नातसून म्हणते, आजोबा, लिहायचंच तर शुद्ध लिहा. मी म्हटलं, दुसरीतून उठलेला माणूस मी, माझ्या हातून जसं निघेल तसं निघेल. वाचायचं तर वाच, नाहीतर ठेव.

माझ्या पाठीवर मायला तीन लेकरं झाली आणि तिन्ही गेली. एक तर चालायला लागलेलं होतं, अंगणात कोंबडीच्या मागे धावायचं. त्यानंतर माय बोलायची कमी झाली. मग पुन्हा दिवस गेले तेव्हा आत्यानं विषय काढला. आमच्या भागात ज्या बाईची लेकरं वाचत नाहीत ती लेकरू आपल्याजवळ ठेवत नाही. आधी दुसऱ्याला देते आणि मग मोल देऊन त्याच्याकडून इकत घेते. कोणी उकिरड्यावर ठेवते, कोणी फकिराच्या झोळीत घालते. एकदा लेकरू परक्याचं झालं की आईच्या नशिबातलं वाईट त्याला लागत नाही, आणि इकत आणलेलं लेकरू मागायला मग कोणी येत नाही. हसणारे हसोत. मी हसत नाही. ज्यांनी तीन लेकरं पुरली त्यांनी काय करायचं ते त्यांनी ठरवावं.

आत्या म्हणाली, "वयनी, आपण फादरबाबाले देऊ. उकिरड्याले कायले देता? तो तरी माणूस होता."

फादरबाबाचं ठाणं घाटाखाली होतं. बुलढाण्यावरून घाट उतरला की डाव्या हाताला एक बुटकी टेकडी, तिच्या पायथ्याशी चुन्यानं रंगवलेलं छोटं देऊळ, तिथले लोक त्याला चर्च म्हणत, आणि देवळाच्या बाजूला ओटा. त्या ओट्याखाली तो पुरलेला होता. समुद्रापलीकडून आलेला गोरा पाद्री. पलेगात लोक गाव सोडून रानात झोपड्या घालून राहिले तेव्हा तो एकटाच गावात फिरत होता म्हणे. आजाऱ्याला पेज पाजायचा, मेलेल्याला खांद्यावर घ्यायचा, जात विचारायचा नाही, आणि शेवटी त्याच रोगानं गेला. त्याच्या धर्माचे लोक त्याला संत म्हणत. आमचे लोक बाबा म्हणत. कापूस वेचून झाला की तिथं जत्रा भरे. ख्रिस्ती लोक मेणबत्त्या लावत, टाळ-पेटीवर भजनं म्हणत. भजन ऐकून आमच्या बाया माना डोलवत, देवाचं नाव तेवढं वेगळं आलं की चपापत. मेणाचे हात, मेणाचे पाय, मेणाचे डोळे इकायला असत. ज्याचं जे दुखतं ते त्यानं वाहायचं. आमचे लोक नारळ फोडत, ओट्यावरच्या क्रुसाला शेंदूर लावत. जत्रा संपली की तिथला त्या वेळचा पाद्री तो शेंदूर घासून काढी. पुढल्या वर्षी लोक पुन्हा लावत. दोघांनीही कधी माघार घेतली नाही.

पोरगा झाला. बारसं केलं नाही. इकत घेतल्यावरच नाव ठेवायचं असं मायनं ठरवलं होतं. नाव तिच्या मनात होतं, पण तिनं कोणाला सांगितलं नाही. आम्ही नुसतं बाळ्या म्हणत होतो. बाळ्या पालथा पडायला लागला तेव्हा जत्रा आली. खाचरात, म्हणजे आमच्या बैलगाडीत, कडबा टाकला, त्यावर गोधडी, आणि आम्ही निघालो. देऊळघाटाला मुक्काम, दुसऱ्या दिवशी घाट. माय रस्ताभर पोराला छातीशी धरून होती. भाकरीवर बेसन घालून आत्यानं हातात दिलं तर तेही एका हातानं खाल्लं. आबा म्हणाला, "अवं, थोडं खाली ठेव त्याले, हात मोडून जाईन." माय म्हणाली, "तिथं ठेवाचंच आहे नं. तवरोक राहू द्या." एवढी मोकळी मी तिला त्या आधी पाहिली नव्हती. नंतरही नाही.

ठाण्यावर देण्या-घेण्याचं काम मार्थाबाई नावाची तिथलीच एक म्हातारी ख्रिस्तीण करायची. लेकरू ओट्यावर ठेवायचं, मागं न बघता थोडं दूर जायचं. मार्थाबाई लेकरू उचलायची. मग आईनं परत येऊन सूपभर ज्वारी पुढे करायची. मार्थाबाई ती पदरात घ्यायची आणि म्हणायची, मोल पोचलं, लेकरू तुमचं. एवढंच. त्या ज्वारीच्या भाकरी तिथल्या अनाथ पोरांना होत. पण आम्ही गेलो तेव्हा मार्थाबाई वारलेली होती आणि ते आम्हाला माहीत नव्हतं. मायनं बाळ्याला ओट्यावर ठेवलं, कपाळ टेकलं, म्हणाली, "तुले देला रे बाबा, आता तुहाच," आणि ती मागं फिरली. लेकरू रडायला लागलं तशी देवळातून एक गोरी सिस्टर धावत आली. कोवळी होती, माझ्या मावशीच्या वयाची. तिनं पोराला उचललं, पुसलं, हसवलं. माय सूप घेऊन पुढे गेली. आणि त्या सिस्टरनं पोरगं मायच्या कुशीत दिलं, आणि सूप दोन्ही हातांनी परत सारलं.

"नको, नको," ती म्हणाली. मराठी तिचं नुकतंच शिकलेलं होतं. "लेकराचे मोल नाही. देव फुकट देतो. घेऊन जा."

माय म्हणाली, "घ्या नं बाई. पाया पडतो, घ्या."

"नाही, नाही. तुमचेच आहे." आणि ती मायच्या गालाला हात लावून आत गेली. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. हे मी तेव्हाही जाणत होतो.

आबानं ज्वारी ओट्यावर ओतली. बघता बघता जत्रेतल्या शेळ्या आल्या आणि त्यांनी ती खाऊन टाकली. आबा म्हणाला, "झालं, पोचलं बाबाले." घेणाऱ्यानं हातानं घेतलं पाहिजे, ते शेळीनं खाल्लं म्हणून पोचत नाही, हे आबालाही माहीत होतं. खाचरात बसताना मायनं बाळ्याला आत्याच्या मांडीवर दिलं. "बाई, धरा याले," म्हणाली. घाट चढून वर येईपर्यंत परत मागितलं नाही. घरी आल्यावरही मागितलं नाही.

तिचं म्हणणं तिनं एकदाच सांगितलं, चुलीत लाकूड सारता सारता. "देलं तर मी देलं. मोल त्यानं घेतलं नाही. मंग लेकरू कोणाचं? त्याचंच. त्यानं माह्याकडं राखाले ठेवलं आहे. मी माहं म्हटलं की तो नेईन." आबानं समजावलं, रागावला, एकदा ताट फेकलं. गावातल्या म्हाताऱ्या बाया तर उलट मायच्याच बाजूनं बोलल्या. पुन्हा जत्रेला जाऊ म्हटलं तर माय हात जोडून नको म्हणायची. त्याच्या दारात लेकरू नेलं की तो ठेवूनच घेईल, असं तिच्या डोक्यात बसलं होतं. आणि नाव ठेवायचं राहूनच गेलं.

बाळ्या वाढला. वाचला, हे खरं. अंगानं बारीक पण चपळ. तो आत्याजवळ झोपायचा, आत्याच्या हातून जेवायचा, आत्याला माय म्हणायचा. मायला तो वयनी म्हणायचा, कारण आत्या वयनी म्हणायची. माय त्याला सगळं द्यायची. दुधाची साय त्याची, पहिली भाकर त्याची, बाजारातून आणलेला गुळाचा खडा त्याचा. पण ताट पुढे सरकवायची ती पाहुण्याला सरकवतात तसं, आणि हात मागं घ्यायची. तो पडला, गुडघा फुटला, तर ती जागची उठायची आणि तिथंच उभी राहायची. "बाई, पाहा नं त्याले," एवढं म्हणायची. मला मात्र कान धरून ओढायची, शिव्या द्यायची, डोक्याला तेल थापायची. मी मोठा होत होतो, मला त्या तेलाची लाज वाटायची. त्याच वेळी बाळ्या दाराशी उभा राहून बघत असायचा.

मला मिसरूड फुटायला लागलं त्या वर्षी बाळ्याला गोवर आला. अंगभर लाल, डोळे उघडेनात. आत्या रात्रंदिवस उशाशी. आणि माय ओसरीत, दाराच्या चौकटीला डोकं टेकून. आत पाऊल टाकत नव्हती. माझं टाळकं फिरलं.

"काऊन अथी बसली तू? जाय नं आत."

"मी गेलो तर त्याले समजीन."

"कोणाले?"

तिनं घाटाकडं बोट केलं. "माहा जीव गुंतला हे त्याले समजीन, किसना. मी अथूनच पाहतो."

मी त्या दिवशी ठरवलं. बाळ्या बरा झाला, उठून कण्या मागायला लागला, तसा मी कणगीतून ज्वारी काढली, फडक्यात बांधली, सूप पाठीला बांधलं आणि चालायला लागलो. आबाला सांगितलं, मायला नाही. आबा म्हणाला, "तो घेत नसते रे. गोऱ्या माणसाचं डोकं वेगळं असते." मी म्हटलं, "पाहतो कसा घेत नाही ते." रस्त्यात माणसं हसत होती. देऊळघाटाजवळ एक गाडीवाला म्हणाला, "काबे, पाखडाले निघाला का?" मी म्हटलं, "हाव, तुही अक्कल पाखडतो, आण इकडं." हा माझा स्वभाव जन्माचा आहे. लोक हट्टी म्हणतात. म्हणोत.

ठाण्यावर पोचलो तेव्हा जत्रा होऊन गेलेली होती. कोणी नव्हतं. लांब दाढीचा एक म्हातारा फादर, झग्याच्या बाह्या वर सारून, नारळाच्या काथ्यानं क्रुसावरचा शेंदूर घासत बसला होता. हात कोपरापर्यंत लाल झाले होते. मी सूप खाली ठेवलं, त्यात ज्वारी ओतली आणि त्याच्यापुढं धरली. सगळं सांगितलं. त्यानं मन लावून ऐकलं. मग पुस्तकातल्यासारखं बोलला.

"मुला, तुझे म्हणणे मला समजले. परंतु मूल विकणे आणि विकत घेणे हे पाप आहे. मी हे धान्य स्वीकारू शकत नाही. गरिबांसाठी दान देत असशील तर घेतो."

"दान नाही. मोल आहे."

"मोल नाही घेता येणार."

"मंग मी उठत नाही," मी म्हटलं आणि सुपाजवळ मांडी घालून बसलो. तो पुन्हा शेंदूर घासायला लागला. ऊन चढलं. तो आत जाऊन जेवून आला. माझ्यासाठी भाकर आणली, मी हात लावला नाही. देवळाची घंटा झाली, पाच-सात माणसं प्रार्थनेला आली आणि गेली. ती माझ्याकडं बघून आपसात कुजबुजत होती. एक पोरगी जाता जाता म्हणाली, "दादा, तू बाबाचा रखवालदार आहे का?" दिवस कलायला लागला तेव्हा फादर येऊन पायरीवर माझ्या शेजारी बसला. त्याच्या दाढीतही शेंदूर गेला होता.

"तू इतका हट्ट का करतोस? तुझा भाऊ तर बरा आहे ना?"

"बरा आहे."

"मग परमेश्वराने ऐकले आहे."

आणि मग माझ्याकडून ते निघालं. इतका वेळ मी नुसतं मोल, मोल करत होतो, नवसाचं बोलत होतो. खरं बोललोच नव्हतो. मी म्हटलं, "बाप्पा, माही माय त्याले शिवत नाही. एवढा मोठा झाला, तिनं एकडाव मांडीवर घेतलं नाही. गोवरात मरू घातला होता, तरी दारात उभी. जीव नाही असं नाही. जीव आहे म्हणूनच उभी. तुमी मोल घेतलं नाही, तर तिच्यासाठी तो तुमचाच आहे. ती दुसऱ्याची ठेव सांभाळते तसा सांभाळते त्याले."

त्यानं विचारलं, "ती त्याला हातसुद्धा लावत नाही?"

"भेते."

त्यानं तोंडावरून हात फिरवला. सगळं तोंड लाल झालं. मला हसू यायला पाहिजे होतं, आलं नाही. त्याचे डोळे भरले होते. त्याच्या भाषेत तो स्वतःशी काहीतरी बोलला. मग उठला, हौदावर हात धुतले, झग्याला पुसले आणि माझ्यापुढं येऊन दोन्ही हात पसरले. मी सूप दिलं. त्यानं घेतलं. नुसतं घेतलं नाही, छातीशी धरलं.

"आता काय म्हणायचे असते?"

"म्हणा, मोल पोचलं, लेकरू तुमचं."

"मोल पोहोचले, लेकरू तुमचे."

"असं नाही. पोचलं."

"पोचलं," तो म्हणाला. "लेकरू तुमचं." आणि मग हळूच, "आईला सांग, कोणी नेणार नाही."

जाताना तो मला एक मेणबत्ती आणि काळ्या दोऱ्यातला बिल्ला द्यायला लागला. मी म्हटलं, "काही देऊ नका. पुन्हा तुमचं आमच्याकडं राहीन, अन् पुन्हा तेच." तो आधी थबकला, मग मोठ्यानं हसला. त्या दिवसातलं तेवढंच हसू.

मी घरी आलो तेव्हा भाकरी चालल्या होत्या. आत्या परातीत पीठ मळत होती, माय तव्यापाशी, बाळ्या दाराशी ज्वारीच्या धांड्यांची बैलगाडी करत बसला होता. मी रिकामं सूप मायपुढं ठेवलं. तिनं ओळखलं. तवा तसाच राहिला, भाकर जळायला लागली.

"कोणाच्या हातानं घेतलं?"

"फादरच्या. मोठ्या फादरच्या."

"दोन्ही हातानं?"

"दोन्ही हातानं. छातीशी धरलं. म्हणाला, पोचलं, लेकरू तुमचं. कोणी नेणार नाही म्हणाला."

मायनं तवा उतरवला. उठली, तोंड धुतलं, कुंकू लावलं, केसांवरून हात फिरवला. मग भिंतीला पाठ लावून मांडी घालून बसली आणि पदर सारखा केला. आत्याचे हात पिठात थांबले.

"नारायणा," माय म्हणाली. "नारायणा, ये."

बाळ्यानं मान वर केली आणि दाराबाहेर पाहिलं, कोण आलं म्हणून. बाहेर कोणी नव्हतं. मग त्यानं माझ्याकडं पाहिलं.

"तुलेच बलावते," आत्या म्हणाली. आवाज फार बारीक होता. "जाय. वयनी नाही म्हणाचं आता. माय म्हणाचं."

तो गेला. मायनं त्याला ओढून मांडीवर घेतलं, डोकं छातीशी धरलं, आणि इतकी वर्षं जे अडवून ठेवलं होतं ते तिच्या घशातून बाहेर आलं. तो रडण्याचा आवाज होता हे आम्हाला उशिरा समजलं. माय त्याच्या पाठीवरून, पायांवरून हात फिरवत होती, गोवराचे डाग चाचपत होती. आणि तो बसला होता ताठ, दोन्ही पाय भुईला टेकवून, हात गुडघ्यांवर. परक्याच्या घरी बसवल्यासारखा. त्याला तरी काय माहीत, मांडीवर कसं बसतात. थोडा वेळ त्यानं सहन केलं. मग मायच्या तोंडाकडं बघून अदबीनं विचारलं, "वयनी, आता मी जाऊ?"

मायचे हात सुटले. "जाय बाप्पा," ती म्हणाली.

मी आता आयुष्याच्या शेवटाला आलो. लोकांशी भांडलो, भाऊबंदांशी कोर्टात गेलो, कुठंही मान खाली घातली नाही. फादरला मी हरवलं हे अजूनही ताठ मानेनं सांगतो. पण ओट्यावरून जे सोडवून आणलं ते घरात कोणाच्या हातात द्यायचं, हे मला त्या दिवशी कळलं नाही आणि आजही सांगता येत नाही. माय त्यानंतर पुष्कळ जगली. नारायणनं तिचं सगळं केलं, सुनेनंही केलं. शेवटच्या आजारात त्यानंच तिला उचलून उन्हात बसवलं. माय म्हणायला तो शिकला, पण आधी थोडा थांबायचा.

त्या दिवशी मायनं जाय म्हटल्यावर तो उठला आणि धावत आत्याकडं गेला. रोजच्यासारखं तिच्या कमरेला मिठी मारायला. आत्यानं त्याच्याकडं पाहिलं नाही. दोन्ही हात तिनं पिठात खोल रोवून ठेवले आणि मान खाली घालून मळत राहिली, जोरजोरानं. पीठ कधीचं मळून झालं होतं. त्यानं तिचा पदर ओढला. तिनं मान हलवली आणि कोपरानं मायकडं खूण केली.

तो तिथंच थांबला. एकदा हिच्याकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं. दोघी रडत होत्या आणि दोघींपैकी एकही त्याला हात लावत नव्हती. मग तो दोघींच्या मधल्या रिकाम्या जागेत हळूच खाली बसला.